पहिलीच तबकडी, शेवटची तबकडी

कॅसलरॉक हे स्टेशन उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, ऐन घाटमाथ्यावर आहे. लोंढ्याहून आलेली गाडी इथे दम घेते आणि मग दूधसागरच्या धबधब्यासमोरून गोव्यात उतरते. १८८८ साली वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेचा हा मार्ग मुरगाव बंदरापर्यंत सुरू झाला, तेव्हापासून १९६१ पर्यंत कॅसलरॉक हे सरहद्दीचं ठाणं होतं. अलीकडे इंग्रजांचं, पुढे स्वतंत्र भारताचं राज्य, पलीकडे पोर्तुगीजांचं. फलाटावर सामानाची झडती व्हायची, कागदपत्रं तपासली जायची. त्या सामानात कितीतरी वेळा व्हायोलिनची, ट्रम्पेटची पेटी असे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेली तरुण मुलं याच घाटातून मिरज-पुणे मार्गे मुंबईला जायची आणि धोबी तलाव, गिरगाव भागातल्या आपापल्या गावच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, पथारी टाकायची.

मुंबईतल्या एका सायकेडेलिक रॉक बँडची, त्याच्या एकमेव एलपीची आणि त्या बँडसोबत ओसरलेल्या काळाची हकीकत सांगताना मी इतक्या लांबून, जोयड्याच्या जंगलातून सुरुवात करतो आहे, त्याला कारण आहे. साठीच्या दशकातलं रॉक मुंबईत थेट लंडनहून विमानाने उतरलं असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा. गाणी लंडनहून आली. पण ती वाजवू शकणारं शहर आधी तयार झालेलं होतं, आणि ते तयार करणाऱ्यांतले पुष्कळजण कॅसलरॉकच्या फलाटावरून गेलेले होते.

आल्डोन्याचे आंतोनियो शाविएर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाले. त्यांच्या ट्रम्पेटने हॉटेलांतल्या जॅझच्या रात्री गाजवल्या आणि मग ते आपल्या सी. रामचंद्रांबरोबर सिनेमात आले. १९५१ च्या ‘अलबेला’मधला ब्रासचा तो झळाळ कुठून आला, हे ज्याने चिक चॉकलेटचं वादन ऐकलं आहे त्याला सांगावं लागत नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा ही मंडळी रेकॉर्डिंग स्टुडिओत बसून हिंदी चालींसाठी वाद्यवृंद लिहीत होती. मराठी आणि गुजराती घरांतून रेडिओवर जे ऐकलं जायचं, त्यातल्या व्हायोलिनच्या भिंती आणि सॅक्सोफोनच्या नक्ष्या या लोकांच्या हातच्या होत्या. त्यांची नावं तबकडीवर क्वचित छापली गेली. ही सवय पुढेही टिकली, आणि या लेखातली निम्मी खंत तिथूनच येते.

१९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातले संबंध ताणले गेले आणि कॅसलरॉकपुढची गाडी बंद पडली. सहा-सात वर्षं घाट शांत राहिला. गोवा मुक्त झाल्यावर रूळ पुन्हा जागे झाले. त्या मधल्या काळात मुंबईतल्या पोरांच्या हातात ट्रम्पेटच्या जागी इलेक्ट्रिक गिटार आली होती.

ही गिटार सुरुवातीला बोलत नव्हती, नुसती वाजत होती, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९६० मध्ये इंग्लंडच्या ‘द शॅडोज’ची ‘अपाची’ ही शब्दांवाचूनची धून जगभर गेली. अमेरिकेतून ‘द व्हेंचर्स’ येत होते. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम एवढ्यावर गाणं उभं राहतं, गायक नसला तरी चालतं, हे मुंबई-कलकत्त्यातल्या मुलांना तेव्हा कळलं. इंग्रजी उच्चारांची धास्ती नाही, शब्द पाठ करण्याची कटकट नाही. चाल कानाने उतरवायची आणि बोटात बसवायची. आपल्याकडे शब्दांवाचूनचं वादन ऐकण्याची सवय मुळातच खोल होती. सतार, सनई, जलतरंग ऐकणाऱ्या घरांत व्हॅन शिपली यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या धूनही पोचलेल्या होत्या. म्हणून ‘अपाची’ इथे परकी वाटली नाही. पहिल्या पिढीतले ‘बीट ग्रुप’ अशा धूनांवरच वाढले. वांद्रे, भायखळा, कुलाबा, दादर पारशी कॉलनी या भागांतली गोवेकर, ईस्ट इंडियन, पारशी, अँग्लो-इंडियन आणि थोडी मराठी मुलं कॉलेजच्या सोशलमध्ये वाजवू लागली. १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’ हा खराखुरा बँड पडद्यावर दिसला. आवाज मोहम्मद रफींचा, संगीत शंकर-जयकिशनचं, पण गिटार घेऊन उड्या मारणारे ते तरुण शहरातल्या एका नव्या टोळीचे प्रतिनिधी होते.

साधनांची अवस्था मात्र बिकट होती. परदेशी गिटारवर जबर आयातकर. मार्शल किंवा व्हॉक्सचा अँप्लिफायर म्हणजे स्वप्नच. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला चित्र दाखवून व्हॉल्व्हचा अँप बांधून घ्यायचा, कलकत्त्यात बनलेली गिटार वापरायची, परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकाला तारांचा एक संच आणायला सांगायचं आणि तो संच गंजेपर्यंत पुरवायचा, अशी ही वाटचाल. हिप्पींनी यात मोठी भर घातली. काबूल-दिल्ली मार्गे गोव्याकडे निघालेला गोरा पोरगा पैसे संपले की मुंबईत गिटार विकून पुढे जायचा. मग मुरगावची मीटरगेज गाडी किंवा भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी पणजीची बोट धरायचा. घाटातली वाद्यांची वाहतूक अशी उलट्या दिशेनेही सुरू झाली.

१९६७ च्या सुमारास गाण्यांची धाटणी बदलली. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’, जिमी हेंड्रिक्सची विस्कटलेली, फाटलेल्या आवाजाची गिटार, पिंक फ्लॉइडचे लांबत जाणारे सूर. तीन मिनिटांचं गाणं दहा मिनिटांचं झालं. गिटारच्या आवाजाला फझ, वा-वा, टेपवरचा एको अशी साधनं जोडून तो वितळल्यासारखा करायचा आणि त्यात एखादा आधारस्वर धरून ठेवायचा, ही सायकेडेलिक संगीताची रीत. तिच्यातली अर्धी कल्पना हिंदुस्थानी संगीताकडून गेलेली होती. तंबोऱ्याचा अखंड स्वर, आलापीची संथ चाल, सतारीच्या तरफांची झणझण. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन त्यासाठीच जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत आला. फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी शिवकुमार शर्मा, आशिष खान अशा वादकांसह ध्वनिमुद्रण केलं. ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचा वाद्यमेळही तिथेच मुद्रित झाला. तेव्हाची मोठी कंपनी, तिचा मुंबईतला मुख्य स्टुडिओ, पण लंडनमध्ये ज्या सोयी गृहीत धरल्या जात त्यांतलं तिथे फारसं काही नव्हतं. सगळ्यांनी एकत्र बसून एका दमात वाजवायचं, कुणाचं चुकलं तर पहिल्यापासून.

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. जगातल्या सर्वांत मोठ्या बँडमधला माणूस ज्या स्टुडिओत येऊन काम करून गेला, त्याच स्टुडिओची दारं शहरातल्या स्वतःच्या रॉक बँडना जवळपास बंद होती.

बंद का होती, हे समजून घेतलं पाहिजे. तबकड्यांचा धंदा म्हणजे ग्रामोफोन कंपनी, म्हणजेच एचएमव्ही. कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला. खप सिनेमाच्या गाण्यांचा, त्याखालोखाल भक्तिसंगीत आणि शास्त्रीय संगीत. इंग्रजीत गाणाऱ्या किंवा नुसत्या वाजवणाऱ्या देशी बँडची तबकडी कोण घेणार? ज्याला इंग्रजी रॉक ऐकायचं, तो परदेशी बँडचीच तबकडी घेतो. सत्तरीच्या सुरुवातीला पॉलिडोर कंपनी आली तेव्हा थोडी हालचाल झाली, पण तिचाही भार सिनेमावरच होता; १९७५ च्या ‘शोले’च्या संवादांची तबकडी हे तिचं मोठं यश. बँडच्या वाट्याला फार तर दोन गाण्यांची छोटी तबकडी, किंवा चार गाण्यांची ईपी. पूर्ण एलपी, दोन बाजू मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं स्वतःची, हे भाग्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना लाभलं. बशीर शेख यांच्या ‘द सॅव्हेजेस’ने पॉलिडोरवर तबकड्या काढल्या, तो अपवादांपैकी एक. बंगळूरचा ‘ह्यूमन बाँडेज’ त्या पिढीतला नावाजलेला बँड. त्यातले रमेश शोत्तम पुढे जर्मनीत स्थायिक होऊन तालवादक म्हणून नावारूपाला आले, राधा थॉमस जॅझ गायिका झाल्या. पण त्या बँडचं नाव आज चालतं ते ऐकलेल्यांच्या आठवणींवर, एलपीवर नव्हे.

या कोंडीत एक दार उघडलं ते सिगारेट कंपनीने. इम्पीरियल टोबॅकोने आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी अखिल भारतीय ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवली. किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात, जिथे एरवी भीमसेनजी आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या मैफली व्हायच्या, तिथे शिलाँग, कलकत्ता, बंगळूर, मद्रास, मुंबईचे बँड येऊन वाजवू लागले. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धेतल्या बँडच्या दोन एलपी निघाल्या. आज त्या तबकड्या जगभरच्या संग्राहकांत मोठ्या किमतीला जातात. ऐकल्या की दिसतं, बरीच गाणी परदेशी बँडची नक्कल आहेत. पण मधेच एखादा बँड स्वतःचं काहीतरी वाजवतो, आणि त्या कच्च्या, घाईने मुद्रित केलेल्या आवाजात एक वेगळी धिटाई ऐकू येते. त्या मुलांना माहीत होतं की ही संधी पुन्हा मिळणार नाही. तंबाखू विकण्यासाठी का होईना, पण कुणीतरी त्यांचा आवाज मेणबत्तीसारखा विझण्याआधी धरून ठेवला.

१९७१ मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा उघड्या माळावरचा रॉक महोत्सव झाला. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत वुडस्टॉक झालेलं होतं. त्याच्या बातम्या, छायाचित्रं ‘ज्युनियर स्टेट्समन’सारख्या तरुणांच्या साप्ताहिकांतून पोचलेली होती. कार्ले-भाजे लेण्यांच्या पायथ्याशी, पुणे-लोणावळा मार्गावरच्या एका साध्या स्टेशनाजवळ इलेक्ट्रिक गिटार कडाडल्या. मावळातल्या शेतकऱ्याने ते ऐकलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची नोंद कुणी घेतली असती तर ती मी मोठ्या आस्थेने वाचली असती.

ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. त्यांनीही एचएमव्ही-ईएमआयच्या स्टुडिओत विजय राघव राव यांच्या मदतीने सारंगी, तबला, व्हायोलिन घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी पुन्हा मुद्रित केली. त्याच मुक्कामात एका रात्री ते कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये गेले आणि स्थानिक वादकांसोबत तिथल्या साध्या अँपवर वाजवलं. मुंबईच्या रॉकच्या आठवणींत ही रात्र सोन्याच्या अक्षरांत लिहिली जाते, आणि ते स्वाभाविक आहे. स्टुडिओतलं ते मुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. लेड झेपलिनसारख्या बँडच्याही टेप त्रेचाळीस वर्षं पडून राहिल्या. मुंबईच्या पोरांच्या टेपचं काय झालं असेल याचा अंदाज त्यावरून करावा.

याच सुमारास कीथ कांगा या मुंबईकर बेसवादकाने ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ नावाचा बँड चालवायला घेतला होता. बँडमधली माणसं बदलत राहिली, नील चट्टोपाध्याय यांची गिटार आणि मधुकर चंद्र दास यांचा आवाज ही त्यातली ठळक नावं. ताजमहाल हॉटेलातल्या ‘ब्लो अप’सारख्या ठिकाणी रोज रात्री वाजवणं हा तेव्हाच्या बँडचा पोटापाण्याचा मार्ग. रोज चार-पाच तास. नाचायला आलेल्या लोकांना ओळखीची गाणी हवी असतात. ती द्यायची आणि मधेच, गर्दी रंगात आली की, वीस मिनिटांचा स्वतःचा सूर धरायचा. रोजच्या या राबणुकीतून बँडचे हात इतके पक्के झाले की जे वाजायचं ते सैल, गरम आणि अचूक असं एकाच वेळी वाजायचं. स्टुडिओत जाऊन हे गुण आणता येत नाहीत. ते रात्रीमागून रात्री वाजवूनच येतात.

१९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाट्य रंगमंचावर आणलं. त्यात मधुकर चंद्र दास येशू झाले, आणि ज्यूडास झाला नंदू भेंडे. इथे मराठी वाचकाने थोडं थांबावं. नंदू म्हणजे आत्माराम भेंडे यांचा मुलगा. बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’, ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ या फार्सनी ज्यांनी मराठी प्रेक्षकाला पोट धरून हसवलं, ते आत्माराम भेंडे. आई आशा भेंडे अभिनेत्री आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. माहेरच्या त्या एझिकिएल, इंग्रजी कवी निसीम एझिकिएल यांच्या भगिनी. म्हणजे एका बाजूला शिवाजी मंदिर, दुसऱ्या बाजूला बेने इस्रायली घरातली इंग्रजी कविता, आणि मधे वाढलेला हा मुलगा ‘वेल्व्हेट फॉग’ नावाच्या बँडमध्ये डोक्यापर्यंत आवाज चढवून गात होता. त्याच्या ज्यूडासने मुंबई हलली. रॉक गाणं म्हणजे ओरडणं नव्हे, त्यात नट उभा राहू शकतो, हे त्या प्रयोगाने दाखवलं.

पण दिवस पालटत होते. जगभरच १९७५ नंतर नाचाची मैफल बदलली. जिवंत बँडऐवजी दोन टर्नटेबल आणि एक माणूस हॉटेलला परवडू लागला. त्याला सात जणांचं जेवण लागत नाही, सुट्टी लागत नाही, आणि तो लंडनमध्ये गेल्या महिन्यात निघालेली तबकडी मूळ आवाजात लावतो. १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मुंबईतल्या वादकांवर हा आघात दुहेरी होता. त्यांच्याकडे तबकड्यांचं उत्पन्न नव्हतं, मैफलींचे दौरे नव्हते, होती ती फक्त रात्रीची नोकरी. ती गेली की बँड गेला.

अॅटॉमिक फॉरेस्टची एकमेव एलपी ‘ऑब्सेशन ’७७’ ही या ओहोटीच्या तोंडावरची. तिचं साल तिच्या नावातच गोंदलेलं आहे. ज्या बँडने अर्धं दशक रोज रात्री वाजवलं, त्याला स्वतःची तबकडी मिळाली ती तो विखुरण्याच्या सुमारास. काही उसन्या चाली, काही स्वतःच्या रचना. आणि शीर्षकाची रचना शब्दांवाचूनची. ती ऐकावी. बेस पुढे होऊन चाल ओढतो, ड्रम घट्ट, गिटार त्यावर फझच्या जाड रेघा मारत जाते. सायकेडेलिक संगीताचा तरंगणारा काळ मागे पडला आहे आणि फंकची ठेका धरणारी कंबर पुढे आली आहे, दोन्ही एकाच तुकड्यात सापडतात. बँडला बदलत्या वाऱ्याची जाणीव होती हे त्यातून स्पष्ट होतं. नाचणाऱ्यांना नाचू देत, पण वाजवणार आम्हीच, असा त्या वादनाचा हट्ट आहे.

ही निरोपाची तबकडी म्हणावी का? बँडने तसं काही जाहीर केलं नव्हतं. मुंबईच्या एकाही बँडला निरोपाचा दौरा, निरोपाची मुलाखत असली चैन मिळाली नाही. पाश्चात्त्य बँड निरोप घेतात कारण त्यांच्यामागे दहा तबकड्या असतात आणि समोर लाखो श्रोते. इथे पहिलीच तबकडी शेवटची ठरली. निरोप घेण्याएवढी ओळखच रसिकांनी करून घेतली नव्हती. मी ती ऐकतो तेव्हा मला निरोपाचा हुंदका ऐकू येत नाही. जे आधीच व्हायला हवं होतं ते एकदाचं होत असल्याचा आनंद आणि घाई ऐकू येते. म्हणूनच ती इतकी जिवंत आहे, असं माझं मत आहे.

यानंतर माणसं पांगली. कुणी जाहिरातींच्या जिंगल्सकडे वळलं, कुणी परदेशी गेलं, कुणी व्यवसायात शिरलं. बरेच वादक सिनेमाच्या स्टुडिओत स्थिरावले, जिथे राहुल देव बर्मन यांच्यासारखे संगीतकार इलेक्ट्रिक गिटार आणि बेसचं महत्त्व ओळखून होते. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’ची १९७१ ची गिटार भूपिंदर सिंग यांची. रॉकने सिनेमाला आवाज दिला आणि नाव पडद्यामागे ठेवलं; चिक चॉकलेटच्या पिढीने जे केलं तेच पुन्हा.

एक वाट मात्र वेगळ्या दिशेने गेली आणि ती मराठीत येऊन मिळाली. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ च्या बर्लिनमधल्या संगीतिकेचं पु. ल. देशपांडे यांनी केलेलं रूपांतर, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. ‘घाशीराम कोतवाल’ करणारी हीच मंडळी. संगीताची बाजू भास्कर चंदावरकर यांची, त्यात नंदू भेंडे आणि आनंद मोडक यांचाही हात. नाट्यगीत, लावणी, ठुमरीच्या ढंगाची गाणी यांच्या शेजारी रॉक उभं राहिलं, आणि मुख्य भूमिकेत नंदू भेंडे ते मराठीत गायला. माधुरी पुरंदरे, चंद्रकांत काळे यांच्यासारख्या आपल्या मातीत मुरलेल्या आवाजांसमोर हा इलेक्ट्रिक आवाज आला आणि तो उपरा वाटला नाही. पु. लं.नी प्रत्येक पात्राला त्याच्या वर्गाचं, स्वभावाचं संगीत दिलं होतं. शहरी, मोकाट, देखण्या गुंडाला रॉकखेरीज दुसरं काय शोभणार?

मुंबईच्या सायकेडेलिक पिढीचा खरा वारसा शोधायचा तर तो मला या प्रयोगात दिसतो. कुलाब्याच्या डिस्कोथेकमध्ये इंग्रजीत घासलेला गळा भरत नाट्य मंदिराच्या प्रेक्षकासमोर मराठीत उघडला. बालगंधर्वांच्या पदांवर पोसलेले आजोबा आणि बेलबॉटममधला नातू एकाच रांगेत बसून ते ऐकत होते. नंतर नंदूने डिस्कोचे आल्बम केले, दूरचित्रवाणीसाठी काम केलं, बँड घेऊन गात राहिला. ११ एप्रिल २०१४ रोजी तो गेला. वडील आत्माराम भेंडे त्यानंतर वर्षभराच्या आत, फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले.

दुसरी वाट घाट उतरून गोव्यात गेली. शिवोलीचा रेमो फर्नांडिस मुंबईत वास्तुशास्त्र शिकला, तिथे सॅव्हेजेसमध्ये वाजवलं आणि परत गावी गेला. १९८४ मध्ये त्याने घरीच, छोट्या यंत्रावर सगळी वाद्यं स्वतः वाजवून ‘गोवन क्रेझी’ मुद्रित केलं आणि कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. कंपनी नको, स्टुडिओ नको. मुंबईच्या बँडना ज्या दारावर दहा वर्षं ताटकळावं लागलं, ते दार त्याने वळसा घालून टाळलं. कॅसेटमुळे हे जमलं, हे खरं. पण त्या पिढीचे हाल जवळून पाहिलेला माणूसच इतक्या जिद्दीने ते करतो.

गोव्यातच, हणजूणच्या किनाऱ्यावर सत्तरीत हिप्पी गिटार, ड्रम, जनरेटर मांडून रात्रभर वाजवत. ऐंशीच्या दशकात तिथेही वाद्यं मागे पडली आणि युरोपातून आलेल्या इलेक्ट्रॉनिक टेप सुरू झाल्या. लॉरां नावाचा फ्रेंच डीजे गाण्यांतले शब्दांचे भाग कापून फक्त वाद्यांचे तुकडे जोडायचा, कारण पहाटेपर्यंत नाचणाऱ्याला शब्द अडथळा वाटत. त्यातूनच पुढे ‘गोवा ट्रान्स’ जन्मलं. सॅन फ्रान्सिस्कोहून सत्तरीच्या आरंभी आलेला गोवा गिल आधी तिथे रॉक वाजवत असे, मग या संगीताचा बुवा झाला. २०२३ मध्ये तो वारला. शब्दांवाचून माणसाला कुठेतरी नेणारं संगीत ही सायकेडेलिक कल्पना संपली नाही. तिने वाद्य बदललं.

मुंबईत १९८२ मध्ये चरणजित सिंग या सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणाऱ्या वादकाने रोलंडच्या नव्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक एलपी काढली. एचएमव्हीने छापली, कुणी फारशी ऐकली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली तेव्हा युरोपातल्या संगीतकारांनी चकित होऊन विचारलं, शिकागोत ‘अॅसिड हाउस’ हे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत जन्मण्याआधी हे मुंबईत कसं झालं? सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपच्या रंगमंचांवर जाऊन वाजवून आले आणि २०१५ मध्ये वारले. अॅटॉमिक फॉरेस्टच्या तबकडीलाही असंच दुसरं आयुष्य मिळालं. लॉस एंजलिसच्या ‘नाउ-अगेन’ या कंपनीच्या इगॉन नावाच्या संग्राहकाने बँडची माणसं शोधली, जुनी मुद्रणं मिळवली आणि ती नव्याने प्रसिद्ध केली. आता टोकियोचा किंवा बर्लिनचा तरुण ती ऐकतो. परदेशी संग्राहकांचे आभार मानलेच पाहिजेत. पण हे काम आपल्या शहरात, आपल्या कंपन्यांनी, आपल्या विद्यापीठांनी करायला हवं होतं, ही टोचणी राहतेच.

थोडं काम झालंही आहे. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जॅझचा आणि त्यातल्या गोवेकरांचा इतिहास मांडला. सिद्धार्थ भाटिया यांनी ‘इंडिया सायकेडेलिक’मध्ये रॉकच्या पिढीशी बोलून तिची कहाणी लिहिली. दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठीत नंदू भेंडेवर, सुपरस्टारच्या त्या प्रयोगावर, ‘तीन पैशाचा तमाशा’च्या संगीतावर, मळवलीच्या माळावर सविस्तर लिहिलं जायला हवं. त्या बँडमधले जे आहेत ते आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. एचएमव्हीची सारेगामा झाली, पॉलिडोरची आधी म्युझिक इंडिया आणि मग युनिव्हर्सल झाली. या नावबदलांत कुठल्या गोदामात कुठली टेप पडली आहे, ते आज शोधलं तर सापडेल. वादकांच्या घरच्या माळ्यावर स्पूल आहेत, षण्मुखानंदच्या स्पर्धांची छापील पत्रकं आहेत, मळवलीची छायाचित्रं आहेत. मुंबई विद्यापीठाच्या किंवा पुण्याच्या ललित कला केंद्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम प्रबंधासाठी घ्यावं, पहिली मुलाखत त्याने याच वर्षी टिपून ठेवावी, आणि ती ज्या वादकांची नावं तबकडीवर छापली गेली नाहीत त्यांच्यापासून सुरू करावी.